न उघडलेलं इंजिन

शहाद्यात दोंडाईचा रस्त्याला लागलं की उजव्या हाताला निंबाचं झाड आणि त्याखाली पत्र्याची शेड दिसते. पाटी नाही, फोन नंबर नाही, भिंतीवर कुठल्या ऑइलची जाहिरातसुद्धा नाही. तरी नंदुरबारपासून धडगावपर्यंतचे गाडीवाले डोळे मिटून तिथे पोचतात, कारण तिथे मेहबूब मिस्त्री असतो. गाडी आणायची, बॉनेट उघडायचं आणि मुकाट्याने बाजूला उभं राहायचं, असा तिथला रिवाज. एखाद्या शहाण्याने आपण होऊन काय बिघडलंय ते सांगायला सुरुवात केली की मेहबूब शांतपणे म्हणणार, "तूच सांगस, ते मंग मी काय करू? चहा पी."

मग तो गाडी चालू करायला सांगायचा आणि शेडच्या खांबाला टांगलेला पेचकस काढायचा. हातभर लांब, लाकडी मुठीचा. त्याचं टोक इंजिनाच्या ब्लॉकवर टेकवायचं, मूठ दातांत धरायची आणि डोळे मिटायचे. बघे गप्प. दोन मिनिटं गेली की मेहबूब पेचकस काढून लुंगीला पुसायचा आणि सांगायचा: रिंगा गेल्या. किंवा टॅपेट ढिला आहे. किंवा, काही नाही, तुझं डोकं तपासून घे. जे सांगेल ते काळ्या दगडावरची रेघ. इंजिन उघडलं की आत तेच निघायचं.

दातांत का? लोकांना वाटायचं, म्हाताऱ्याची लकब आहे. खरं कारण फक्त त्याच्या बायकोला, सुरैय्याला ठाऊक होतं. सायलेन्सर काढलेल्या इंजिनांत डोकं घालून घालून मेहबूबचे दोन्ही कान चाळिशीतच गेले होते. समोरच्याच्या ओठांवरून तो अर्धं बोलणं समजून घ्यायचा, उरलेल्या अर्ध्यावर मान डोलवायचा. पण लाकडी मूठ दातांत धरली की इंजिनाचा आवाज कवटीत सरळ उतरायचा, आणि कानाने कधी आला नव्हता इतका स्वच्छ यायचा. हे त्याने कुणाला सांगितलं नाही. कान गेलेल्या मिस्त्रीकडे गाडी कोण आणणार?

त्याच्या उस्तादाने त्याला एक शिस्त लावली होती, ती त्याने आयुष्यभर पाळली. आधी निदान, मग पाना. आजकालचे मिस्त्री आधी इंजिन उघडतात, सगळा पसारा मांडतात आणि मग सांगतात की यात काही राम नाही. तोवर गाडीवाल्याचा खिसा निम्मा रिकामा. मेहबूब न उघडताच सांगायचा. इंजिन मेलेलं असेल तर तसं सांगून एक पैसा न घेता माणसाला वाटेला लावायचा. मागच्या थंडीत धडगावच्या डोंगरातून जालमसिंग नावाचा पावरा आदिवासी आपली जीप घेऊन आला होता. त्याच्या पाड्यावर गाडी म्हणावी अशी ती एकच. बाजारहाट, बाळंतीण, वरात, सगळ्याला तीच. मेहबूबने पेचकस लावला आणि सांगितलं, "खर्च करू नको भाऊ. हाई मरेल शे. जे येई त्या भावमा देई टाक." जालमसिंगने वाद घातला नाही. "बाबा, तू सांगतो ते खरं," एवढं म्हणाला आणि त्याच आठवड्यात जीप तोडायला देऊन टाकली. जाताना शेंगांची एक पिशवी ठेवून गेला. मेहबूबने त्याला गंडवलं असतं तर त्या शेंगा त्याला गोड लागल्या नसत्या. तशा त्या खूप गोड लागल्या. नव्या कवळीनेही चावता आल्या, याचा त्याला जास्त आनंद झाला.

कवळीचं सांगायचं राहिलं. दिवाळीच्या आधी त्याच्या हिरड्या सुजल्या, एकेक दात हलायला लागला. नंदुरबारला दिलेली मुलगी इरम माहेरपणाला आली होती, तिने बापाला भिजवलेली भाकरी खाताना बघितलं आणि त्याला हट्टाने डॉक्टरकडे नेलं. उरलेसुरले सगळे काढून वर-खाली पुरी कवळी बसवली. दिवाळीनंतर आठ-दहा दिवसांत मेहबूब कांदा कचाकचा चावू लागला. चेहराही भरला. कलीम, त्याचा पुतण्या, जो आता गॅरेजचं निम्मं काम बघतो, म्हणाला, "चाचा, दहा साल कम हो गए." मेहबूब खूश.

एकच गोष्ट त्याला खटकायची. दिवाळीपासून जी गाडी यायची तिचं मेन बेअरिंग खडखडलेलं असायचं. इंजिनाचा सगळा भार ज्या क्रँकवर, तो क्रँक ज्यात फिरतो ते बेअरिंग. ते गेलं म्हणजे इंजिनाचा कणाच गेला. पूर्वी वर्षाकाठी अशा तीन-चार गाड्या यायच्या. आता आली गाडी की टक-टक, आणि मेहबूब ती न उघडताच परत पाठवायचा. मेहबूबने त्यावर विचार करून निष्कर्ष काढला होता: बाजारातल्या ऑइलमध्ये भेसळ वाढली आहे. चहावाल्यापासून एसटीच्या ड्रायव्हरपर्यंत सगळ्यांना त्याने हे पटवून दिलं होतं.

चैत्रात पुखराजशेठ आपली फियाट घेऊन आला.

पुखराजशेठचं कापडाचं दुकान शहाद्याच्या बाजारात तीन पिढ्यांपासून. घराणं मूळचं मारवाडातलं, पण शेठ गल्ल्यावर बसून गिऱ्हाइकाशी अशी अहिराणी बोलतो की तापीकाठचा माणूसही वळून बघेल. त्याच्या वडिलांनी, ताराचंदजींनी, सत्त्याहत्तर साली ही फियाट कोरी घेतली. पुखराजची नवरी पतासीबाई मारवाडातून रेल्वेने नंदुरबार स्टेशनात उतरली आणि याच गाडीतून शहाद्याला आली. ताराचंदजींचं शेवटचं आजारपण दवाखान्याच्या फेऱ्यांत याच गाडीच्या मागच्या सीटवर गेलं. शेठला इंजिन नंबर तोंडपाठ. पाहुणा कुणी गाडीचं कौतुक करू लागला की शेठ बॉनेटवर थाप मारून म्हणणार, "पत्रा बदला, सीट बदल्या, रंग तीनदाव बदला. पन इंजिन तेच शे. मन्हा बापनं."

ते इंजिन दोनदा उघडलं होतं, दोन्ही वेळा मेहबूबनेच. दुसऱ्या वेळी, दोन हजार आठ साली, त्याने झिजलेला क्रँक घासून शेवटच्या मापापर्यंत बारीक केला आणि शेठला बजावलं होतं की आता रिंगा, पिस्टन, सिलिंडरचा बोर काहीही गेलं तरी इंजिन पुन्हा उभं करता येईल. पण क्रँक गेला तर पुढचं माप नाही. मग इंजिनच बदलावं लागेल. म्हणून या खेपेला प्रश्न सरळ होता, आणि शेठचा जीव त्या प्रश्नाला टांगलेला होता. गाडी धूर ओकत होती, चढावर दम टाकत होती. बरोबर मुलगा पुनीत आला होता. त्याचं म्हणणं, मारुतीचं चालू स्थितीतलं इंजिन मिळतंय, ते बसवून मोकळं व्हावं.

कलीमने धूर बघितला आणि म्हणाला, "शेठ, रिंगा गयात. बोर करी लेवूत, नव्या रिंगा टाकूत. आठ दिननं काम शे."

मेहबूबने हाताने त्याला गप्प केलं आणि पेचकस काढला.

त्याला मनापासून वाटत होतं, कलीमचं खरं निघावं. हे इंजिन त्याने स्वतःच्या हाताने दोनदा जिवंत केलं होतं. क्रँकवर त्याच्या हाताची खूण होती, पंचने मारलेली दोन टिंबं. तिसऱ्यांदा ते उभं करायचं आणि मग हत्यारं कलीमकडे द्यायची, असं त्याने मनाशी ठरवलंही होतं. त्याने मूठ दातांत धरली. टक-टक-टक. त्याने पेचकस सरकवून दुसरीकडे टेकवला. टक-टक. शेठला ॲक्सिलरेटर वाढवायला सांगितलं. टकटकटकटक. तिसऱ्यांदा ऐकताना त्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

"शेठ," तो म्हणाला, "गयं."

शेठ म्हणाला, "एकदाव उघाडी देख ना, मेहबूबभाई."

"उघाडीसन काय देखाडू तुम्हले? खर्चमा पाडू? क्रँक बोली ऱ्हायना."

"चाचा," कलीम हळूच म्हणाला, "ऑइलना प्रेशर तरी मीटर लाईसन देखी लेवूत. बेअरिंग गयं व्हई ते प्रेशर कमी दिखी. पाच मिनिटनं काम."

"मीटर?" मेहबूबचा आवाज चढला. गिऱ्हाइकासमोर तो पुतण्याशी कधी चढ्या आवाजात बोलला नव्हता. "चाळीस वरीस मी काय मीटर लाईसन सांगं का?"

कलीमच्या हातात मीटर होतं, ते त्याने परत पेटीत ठेवलं. शेठने बॉनेटवर हात ठेवला, थाप नाही मारली, नुसता ठेवला. "तू म्हनस ते मंग गयंच," तो म्हणाला.

इंजिन काढायच्या दिवशी पतासीबाई नारळ आणि कुंकवाची डबी घेऊन आल्या. तेलकट ब्लॉकवर त्यांनी कुंकू लावलं. साखळीवर इंजिन वर उचललं तेव्हा शेठ गाडीच्या मागच्या सीटवर, बापाच्या जागेवर, जाऊन बसला आणि दुसरीकडे बघत राहिला. मारुतीचं इंजिन बसायला चार दिवस लागले. जुनं इंजिन पुनीतने विसरवाडीच्या दिनेश भंगारवाल्याला दिलं. त्याची पिकअप शहाद्याला येतच असते. मेहबूबने इंजिन चढवायला स्वतः खांदा लावला. त्या रात्री तो जेवला नाही, पण त्याचं मन स्वच्छ होतं. आपल्याला प्रिय असलेली गोष्टसुद्धा मेलेली असेल तर मेलेली म्हणायची, याला तो इमान समजत होता.

पंधरा दिवसांनी शेठ नव्या इंजिनाचं ऑइल बदलायला आला. गाडी झकास पळते, म्हणाला, पण तसं म्हणताना त्याच्या तोंडावर आनंद नव्हता. मेहबूबने सवयीने पेचकस लावला.

टक-टक-टक.

तेच. त्याच तालात, त्याच खालच्या सुरात. त्याने कलीमला हाक मारली. कलीमने कान लावला, हात ठेवून पाहिला. "चाचा, मक्खन चल रहा है," तो म्हणाला. मेहबूबने पुन्हा ऐकलं. मग पेचकस हातात तसाच घेऊन भर दुपारी घराकडे चालू लागला. घर गॅरेजच्या मागच्या गल्लीतच आहे.

सुरैय्या शिलाई मशीनवर साडीला फॉल लावत होती. मशीनला मोटर आहे. मेहबूब तिच्यासमोर उकिडवा बसला, पेचकसाचं टोक मशीनच्या अंगावर टेकवलं आणि मूठ दातांत धरली.

टक-टक-टक-टक.

"क्या कर रहे जी? मशीन को क्या हुआ?"

त्याने हाताने खूण केली: बंद कर. तिने पाय काढला. टकटक थांबली. पुन्हा चालू कर. पुन्हा टकटक. मग मेहबूबने तोंडात बोटं घालून कवळी काढली, वरची, खालची, ओट्यावर ठेवली, आणि लाकडी मूठ नुसत्या हिरड्यांत दाबली. हिरड्या दुखल्या. आवाज फार लांबून आला, मऊ, एकसारखा. त्यात टकटक नव्हती. त्याने कवळी घातली, टकटक होती. कवळी काढली, नव्हती. हे त्याने इतक्या वेळा केलं की सुरैय्याने मशीन सोडून त्याचा हात धरला.

मशीनच्या कंपाने सैल कवळी दातांतल्या मुठीवर आपटत होती. दुसरं काही नव्हतं. दिवाळीपासून मेहबूब मिस्त्री इंजिनं ऐकत नव्हता, स्वतःचं तोंड ऐकत होता.

तो भिंतीला टेकून बसला आणि लहान मुलासारखा रडला. कान गेले तेव्हा तो रडला नव्हता, कारण दात होते. आता ऐकायला कुठलीच वाट उरली नव्हती, आणि हे कळायच्या आधी तो सहा महिने निकाल देत बसला होता. ऑइलवाल्यांना शिव्या घालत. कलीमला मीटर पेटीत ठेवायला लावून. सुरैय्या पाठीवरून हात फिरवत राहिली. तिला सगळं कळलं होतं.

तरी एक धागा होता. कवळी वाजत होती हे खरं, पण शेठचं बेअरिंगही खरोखर गेलेलं असू शकत होतं. इंजिन जुनं होतं, क्रँक शेवटच्या मापाचा होता. मेहबूबने तो धागा घट्ट धरला. पंधरा दिवसांपूर्वी जो माणूस इंजिन जिवंत निघावं म्हणून रडला होता, तो आता नमाजात ते मेलेलंच असू दे म्हणून मागत होता. आपण काय मागतोय हे त्याला कळत होतं आणि त्याची त्याला किळस येत होती.

सकाळच्या एसटीने तो नंदुरबारला आणि तिथून विसरवाडीला गेला. दिनेशचं भंगार हायवेला लागूनच. मालाचे ट्रक तिथून गुजरातकडे जातात. ब्लॉक घणाने फोडून परवाच गेला होता. पण क्रँकचं लोखंड वेगळ्या भावाचं, म्हणून क्रँक आणि त्याबरोबरचं सटरफटर अजून एका ढिगात पडलं होतं. मेहबूब त्या ढिगात गुडघ्यांवर बसला. पाऊण तास लागला. दोन टिंबं सापडली.

त्याने लुंगीच्या टोकाने क्रँक पुसला आणि जिथे बेअरिंग बसतं तिथे नख फिरवलं. नख कुठेच अडलं नाही. मग बेअरिंगच्या अर्धगोल पट्ट्या उलट्या करून बघितल्या. बेअरिंग खाल्लं गेलं की वरचा राखी थर निघून खालचं तांबं दिसायला लागतं. इथे तांब्याचा ठिपका नव्हता. दोन हजार आठ साली त्याने बसवल्या तशाच त्या राखी होत्या. अजून दहा वर्षं चालल्या असत्या. नुसत्या रिंगा आणि बोर, कलीम म्हणाला तेवढंच काम होतं.

दिनेश चहा घेऊन आला. क्रँक बघून म्हणाला, "माल ते कडक शे, मिस्त्री. कोन बेवकूफनी भंगारमा टाकं?"

"मी," मेहबूब म्हणाला.

त्याने दोन पट्ट्या रुमालात बांधून घेतल्या. शहाद्याला उतरला तो घरी न जाता सरळ बाजारात गेला. पुखराजशेठ गादीवर एकटाच होता. मेहबूबने रुमाल सोडून पट्ट्या समोर ठेवल्या आणि सगळं सांगितलं. कानांचं, जे तीस वर्षं कुणाला सांगितलं नव्हतं, तेही. कवळीचं सांगितलं. मीटरचं सांगितलं.

शेठने एक पट्टी उचलून उजेडात धरली. कापडाचा पोत बघावा तशी बोटांत फिरवली.

"हाई चांगली शे?"

"चांगली शे."

"मंग मन्हा बाप ट्रकमा बसीसन गुजरातले गया." शेठचा आवाज बारीक झाला होता. "मी तुले म्हनं व्हतं, एकदाव उघाडी देख. म्हनं व्हतं का नही?"

"म्हनं व्हतं."

"तुन्हा शब्दवर दिधं मी. पोऱ्याना शब्दवर नसतं दिधं."

मेहबूब मान खाली घालून उभा राहिला. शेठने शिवी दिली असती तर बरं झालं असतं. पण शेठ डोळे पुसत होता. मग काहीतरी विचारायचं म्हणून त्याने विचारलं, "दात कवय बसाडात तू?"

"दिवाळीनी मांगे."

शेठ पट्टी ठेवता ठेवता थांबला. "मंग तो पावरा? जालमसिंग? होळीना बाजारले बाईले लुगडं लेवाले उनता मन्हा आठे. म्हने, मेहबूबबाबानी सांगं म्हनीसन जीप तोडाले देई टाकी. सुरतले बांधकामवर जाई ऱ्हायना म्हने."

मेहबूबला आधी ते नीट समजलं नाही. त्याने शेठच्या ओठांकडे बघितलं. शेठने तेच पुन्हा, हळू सांगितलं. मग समजलं. रुमाल हातातून खाली पडला, तो त्याने उचललासुद्धा नाही.

शेठची गाडी निदान चालत तरी होती. शेठचा बाप गेला होता, पण दुकान होतं, पुनीत होता. जालमसिंगकडे एक जीप होती. आणि तिला त्याने दोन मिनिटांत, डोळे मिटून, एक पैसा न घेता मारून टाकलं होतं. वर त्याच्या शेंगा खाल्ल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी कलीमने विचारलं, मी येऊ का. मेहबूब नाही म्हणाला. धडगावची गाडी धरून गेला, आणि जिथे एसटीचा रस्ता संपतो तिथून चालायला लागला. सहा-सात किलोमीटर चढ. पूर्वी इथे जालमसिंगची जीप उभी असायची, माणसं टपावरसुद्धा बसायची. आता बायका डोक्यावर बोजे घेऊन त्याच्या पुढे-मागे चालत होत्या. एका वळणावर चौघे जण बांबूला झोळी बांधून कुणा म्हातारीला खाली नेत होते. मेहबूब बाजूला सरून उभा राहिला. झोळी जाईपर्यंत त्याने वर बघितलं नाही.

पाड्यावर पोचायला दुपार झाली. जालमसिंगची बायको भिकुबाई अंगणात होती. बाजारात ऐकून ऐकून शिकलेली तिची मराठी. तिने त्याला ओळखलं, खाट टाकली, पाणी दिलं.

"तो सुरतला आहे बाबा. फोन लागत नाही." मग ती हसली. "तुझं नाव घेतो तो. म्हणतो, दुसरा मिस्त्री असता तर खोलून पैसा खाल्ला असता. तू खरं सांगितलं."

मेहबूबने तोंड उघडलं. तेवढ्यात शेजारपाजारची चार माणसं जमली होती. कुणीतरी सांगितलं असणार की शहाद्याचा तो मिस्त्री आलाय. एकाने पिठाच्या चक्कीचं डिझेल इंजिन चालू केलं. ते महिनाभर कुरकुरत होतं म्हणे, पाड्याचं दळण त्यावरच. इंजिन झोपडीबाहेरच होतं. सगळ्यांना मेहबूबची रीत माहीत होती, म्हणून कुणी काही सांगितलं नाही. सगळे गप्प उभे राहिले. आणि भिकुबाईने घरातून एक लांब पेचकस आणून त्याच्या हातात दिला. जालमसिंगचा होता. जीप गेली तरी तो तिने ठेवला होता.

"ऐक बाबा," ती म्हणाली.

मेहबूब पेचकस धरून उभा होता. मूठ प्लास्टिकची होती, घासून गुळगुळीत झालेली.

"माले ऐकू येत नही," तो म्हणाला.

भिकुबाईने वळून चक्कीवाल्याला हात केला: वाढव, बाबाला ऐकू येत नाही. चक्कीवाल्याने इंजिन वाढवलं. सगळा पाडा थडथडू लागला. मेहबूब पुन्हा बोलला, आणखी एकदा बोलला, पण त्या आवाजात ते कुणालाच ऐकू गेलं नाही. शेवटी त्याने स्वतः जाऊन इंजिन बंद केलं.

"जालमसिंगनी जीप चांगली व्हती," तो एकेक शब्द सुटा करत म्हणाला. "खराबी तिच्यामा नव्हती. मन्हामा व्हती. मी चुकनू."

भिकुबाई आधी मान हलवत होती, मिस्त्री जे सांगेल त्याला हलवतात तशी. मग हळूहळू तिची मान हलायची थांबली. तिने बाकीच्यांकडे बघितलं आणि त्यांच्या भाषेत काहीतरी सांगितलं. एक म्हातारा खाली बसला, एवढंच.

भिकुबाई पुन्हा मेहबूबकडे वळली. तिच्या तोंडावर राग नव्हता. उलट, काहीतरी उजळलं होतं, आणि ते बघून मेहबूबला पळून जावंसं वाटलं.

"चांगली होती?" ती म्हणाली. "मग तिला परत आणता येईल ना, बाबा?"

मेहबूब तिच्या ओठांकडे बघत राहिला. समजलं होतं, तरी बघत राहिला. मग त्याने पेचकस खाटेवर ठेवला आणि नाही म्हणून मान हलवली.